तक्रारबाईंची अ‍ॅगनी

तक्रारबाईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं ऑफिसात कुणी उरलं नव्हतं. कपडे धुण्याची मशिनं बनवणाऱ्या कंपनीच्या त्या लहानशा शाखेत त्या बावीस वर्षं एकाच टेबलाशी बसत होत्या, आणि टेबलावरचा फोन वाजला की पलीकडचा माणूस तक्रारच करणार हे ठरलेलं. मशिन उत्तम चाललंय हे सांगायला कंपनीला कोण फोन करतो? बाई फोन उचलायच्या, "बोला, काय झालं?" म्हणायच्या, आणि समोरच्याला दम लागेपर्यंत बोलू द्यायच्या. मग त्याचं सगळं पुराण एका इंग्रजी ओळीत बसवून तक्रारपत्रकात लिहायच्या. पत्रक संध्याकाळी पाचला हेड ऑफिसकडे जायचं. तिथं कुणीतरी ते वाचून प्रत्येक ओळीपुढे लाल, पिवळी किंवा हिरवी खूण करायचं. लाल म्हणजे दुरुस्तीचा सुटा भाग दोन दिवसांत. पिवळी म्हणजे दहा दिवसांत. हिरवी म्हणजे देवाच्या मनात येईल तेव्हा.

बाईंचं इंग्रजी टायपिंगच्या क्लासात घडलेलं, म्हणजे समास सोडून, नीटनेटकं. "मशिन नॉट रोटेटिंग, काइंडली डू द नीडफुल." "वॉटर नॉट गोइंग, काइंडली डू द नीडफुल." बावीस वर्षं बाईंनी हे नीडफुल इमानेइतबारे मागितलं आणि हेड ऑफिसनं इमानेइतबारे त्यापुढे हिरवी खूण केली. मग तेच गिऱ्हाईक आठवड्यानं पुन्हा फोन करायचं, पंधरवड्यानं पुन्हा, आणि बोलणी खायला बाई होत्याच. "सुट्या भागावर तुम्ही स्वतः बसून राहिलाय का हो?" असं एका आजोबांनी त्यांना अगदी शांतपणे विचारलं होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाई त्या. त्यांनी तक्रारबाईंना बोलूच दिलं नाही.

"मी सांगते तसं लिहून घे. मध्ये तुझं काही घालू नकोस. आय अ‍ॅम इन अ‍ॅगनी."

"लिहिलं. पुढे?"

"पुढे काही नाही. पूर्णविराम."

"पण बाई, मशिनला काय झालंय?"

"ते तुझ्या मेकॅनिकला आल्यावर दिसेल. मला काय होतंय ते मी सांगितलं."

तक्रारबाईंनी तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हेड ऑफिसची गाडी मोटर, पंप, बेल्ट असे तीन-तीन भाग घेऊन दारात उभी. काय बिघडलंय ते न कळल्यामुळे त्यांनी सगळंच पाठवलं होतं. शाखेचा मेकॅनिक वीस वर्षं तिथंच असलेला जुना माणूस. तो पार्सलाकडे बघतच राहिला.

"ताई, हेड ऑफिसात कुणी गेलं-बिलं काय? कालची तक्रार आणि आज पार्सल?"

घरी गेल्यावर बाईंनी नवऱ्याला विचारलं. नवरा निवृत्त ड्रॉइंग मास्तर. दिवसभर घरी असायचा आणि कुणी काही विचारावं याची वाटच पाहत असायचा.

"अहो, अ‍ॅगनी म्हणजे नेमकं काय?"

मास्तरांनी चष्मा लावला, जाडजूड शब्दकोश मांडीवर घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "असह्य वेदना. मरणप्राय यातना." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "कुणाला होतायत?"

"मशिनच्या गिऱ्हाइकाला."

"मग बरोबर आहे," म्हणून त्यांनी कोश मिटला.

आता, तक्रारबाई काही लबाड नव्हत्या. उगाच कुणाच्याही नावावर मरणप्राय यातना लिहिणं त्यांच्या हिशेबात बसणारं नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला. प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारायचं. तो हो म्हणाला तरच शब्द लिहायचा, नाही म्हणाला तर जुनं नीडफुल.

"एक विचारते, खरं सांगायचं. हे तुम्हाला असह्य होतंय का?"

हा प्रश्न या माणसांना जन्मात कुणी विचारला नव्हता. लोक धो धो बोलायला लागायचे. "होतंय म्हणजे? बाई, तुम्ही पहिल्यांदा विचारलंत हो!" एक जण म्हणाला, "असह्य तर आमचे शेजारीही आहेत, पण आधी मशिनचं बघा." एका बाईंना तर रडूच फुटलं, आणि त्यांचं फक्त झाकण करकरत होतं.

तेव्हा बाईंनी तरी काय करावं? पत्रक भरत गेलं. "पाइप इज लीकिंग, कस्टमर इज इन अ‍ॅगनी." "डोअर नॉट क्लोजिंग, फादर-इन-लॉ इन अ‍ॅगनी." "नॉब कमिंग आउट इन हँड. ग्रेट अ‍ॅगनी." "मशिन मेकिंग नॉइज लाइक ट्रक, होल बिल्डिंग इन अ‍ॅगनी." एका बटणाबद्दल तर त्यांनी "स्मॉल अ‍ॅगनी" असंही लिहिलं, कारण गिऱ्हाईकच म्हणालं होतं, "असह्य आहे, पण थोडं."

सगळ्या ओळींपुढे लाल खुणा येऊ लागल्या. मेकॅनिकला जेवायला वेळ मिळेना. लोक कंपनीत फोन करून आभार मानू लागले, आणि हे बावीस वर्षांत झालेलं नव्हतं. बाईंच्या चालण्यात एक ठसका आला. तो शब्द इतका तोंडात बसला की घरीही सुटेना. दूध उतू गेलं, अ‍ॅगनी. रिक्षा मिळाली नाही, ग्रेट अ‍ॅगनी.

"आज किती जणांच्या यातना नोंदवल्यास?" मास्तर संध्याकाळी दार उघडताना विचारायचे.

"तीन."

"आणि माझा चष्मा सकाळपासून सापडत नाहीये त्याचं काय?"

"असह्य होतंय का?"

"फार."

"मग दोन दिवसांत मिळेल," बाई चप्पल काढत म्हणायच्या.

तीन महिने असे आनंदात गेले, आणि मग हेड ऑफिसचं पत्र आलं. शाखेच्या मॅनेजरांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून ते वाचून दाखवलं. गेल्या तीन महिन्यांत कंपनीच्या बाकी अकरा शाखांमधून मिळून चार गिऱ्हाइकांना अ‍ॅगनी झाली होती. या एकट्या शाखेतून एकशे बासष्ट जणांना. चौकशीसाठी गुरुवारी एक साहेब येणार होते.

"एवढंच नाही," मॅनेजर खुर्चीत चुळबुळत म्हणाले, "फोनचं टेबलच बंद करायचा विचार चाललाय. त्या जागी रेकॉर्ड केलेला आवाज. अमुक असेल तर एक दाबा, तमुक असेल तर दोन दाबा. सुरुवात कुठल्या शाखेपासून करायची ते साहेब ठरवणार. तुमची किती वर्षं राहिलीत?"

"तीन वर्षं दोन महिने."

"तेच म्हणतोय मी. तक्रारी खोट्या निघाल्या तर तुमचं टेबल पहिलं जाईल."

बाई जागेवर येऊन बसल्या. घर चालायला अडचण होती अशातला भाग नव्हता. मास्तरांचं पेन्शन होतं. पण उद्या फोन वाजणार आणि उचलायला आपण नसणार, कुणीतरी घसा खाजवून "हॅलो" म्हणणार आणि त्याला एक दाबा म्हणून सांगितलं जाणार, या विचारानं त्यांनी वाजत नसलेला फोन उचलून परत जागेवर ठेवला. तीन वर्षं दोन महिने घरी बसून करायचं काय? मास्तरांचा चष्मा शोधायचा?

गुरुवारी साहेब आले. सडपातळ, पस्तिशीचे, अतिशय नम्र. हातात पॅड आणि त्याला लावलेली यादी.

"बाई, मी स्टेशनपासून चालत आलो," ते म्हणाले. "शहर बघून तसं वाटलं नाही."

"कसं?"

"यातनांत असल्यासारखं."

मेकॅनिकनं तोंड फिरवलं. बाईंनी आपला नियम साहेबांना सांगितला. न विचारता एकही शब्द लिहिलेला नाही, हवं तर लोकांना विचारा. साहेब म्हणाले, तेच करायला आलोय. त्यांनी भाग येऊनही मेकॅनिकला वेळ न मिळाल्यानं दुरुस्त न झालेल्यांपैकी अ‍ॅगनीवाल्या पाच तक्रारी डोळे मिटून निवडल्या आणि तुलनेसाठी एक बिनअ‍ॅगनीची. मग तिघं कंपनीच्या गाडीत बसले. साहेब पुढे मेकॅनिकशेजारी, बाई मागे सुट्या भागांच्या खोक्यांमध्ये.

पहिलं घर ग्रेट अ‍ॅगनीचं. ज्यांच्या हातात नॉब आला होता ते आजोबा. साहेबांना बघून ते उठून उभे राहिले, खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं, आतल्या बाजूला "चहा टाका गं" म्हणून ओरडले.

"आजोबा, मशिनचा फार त्रास होतोय का?" साहेबांनी विचारलं.

"त्रास? छे हो! ही पक्कड आहे ना. पक्कडीनं फिरवतो. मस्त फिरतं. तुम्ही एवढ्याशासाठी एवढ्या लांबून आलात?"

साहेबांनी पॅडवर काहीतरी लिहिलं. दुसऱ्या घरी होल बिल्डिंगची चौकशी झाली. खालच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, "त्या आवाजावर तर आमचं बाळ झोपतं. दुरुस्त करणार असाल तर आधी सांगा." तिसऱ्या घरचे फादर-इन-लॉ बाहेर फिरायला गेले होते आणि ठणठणीत होते. चौथ्या घरच्या गृहस्थांनीही साहेबांना काही त्रास नाही म्हणून सांगितलं, तेव्हा बाईंनी त्यांना जिन्यात गाठलं.

"अहो, फोनवर मला असह्य म्हणाला होतात ना?"

"म्हणालो असेन," ते कुजबुजले. "पण ताई, साहेब स्वतः घरी आलेत. त्यांच्यापुढे रडगाणं गायचं बरं दिसतं का?"

पाचव्या घरी पंप बसवायचा होता, तो गाडीतच होता. पण दार उघडणाऱ्या बाई म्हणाल्या, "आज नको हो, पाहुणे आलेत. काही घाई नाही. वरच्या मजल्यावर आमचं दुसरं मशिन आहे." गाडीत परत बसल्यावर साहेबांनी 'दुसरं मशिन' हे शब्द लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली. मागच्या सीटवरून बाईंना ते स्पष्ट दिसलं. त्यांनी खोकी घट्ट धरली. टेबल गेलं, हे आता सांगायला कुणी नको होतं.

राहिली होती सहावी, तुलनेसाठी घेतलेली तक्रार. "ड्रेन पंप नॉट वर्किंग, काइंडली डू द नीडफुल." हिरवी खूण. सव्वीस दिवस झाले होते.

तळमजल्यावर मागच्या बाजूला दोन खोल्या. चाळिशीच्या एका बाईनं दार उघडलं. बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, कपाळाला घाम.

"अहो, एवढं कशाला? मी फोनवर म्हटलं होतं ना, सावकाश या."

आत शिरायचं तर चादरी बाजूला साराव्या लागत होत्या. खोलीभर आडव्या दोऱ्या बांधून त्यांवर ओल्या चादरी वाळत घातलेल्या. त्यांच्या पलीकडे खाटेवर तिचे सासरे पडून होते. वर्षभर अंथरुणाला खिळलेले. कोपऱ्यात मशिन काठोकाठ गढूळ पाण्यानं भरलेलं, वर टॉवेल झाकलेला. शेजारी टब.

"रोज किती चादरी निघतात?" साहेबांनी विचारलं.

"चार. कधी पाच. जास्त नाही."

"हातानं धुता?"

"हातानंच. त्यात काय विशेष." बोलता बोलता तिनं हात टॉवेलखाली नेले. पण तोवर ते तिघांनाही दिसले होते. बोटं भेगाळलेली, दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या.

खाटेवरून आवाज आला, "मी म्हणतो तिला, एका चादरीवर दोन दिवस काढीन. ऐकेल तर शपथ."

"बाबा, तुम्ही गप पडा. पाहुण्यांना कळू द्या तुम्ही किती शहाणे आहात ते."

"त्यांना आल्या आल्या कळलंय," सासरे म्हणाले आणि स्वतःच हसले.

तक्रारबाईंना हसू आलं नाही. हा आवाज त्यांनी ओळखला होता. सव्वीस दिवसांपूर्वी हिलाही त्यांनी विचारलं होतं, असह्य होतंय का? आणि ही म्हणाली होती, "असह्य कसलं हो. चालतंय." तीन महिन्यांत नाही म्हणणारी ही एकटी. फोन ठेवून बाई मनात म्हणाल्याही होत्या, किती समजूतदार बाई आहे! आणि त्या समजूतदारपणाचं बक्षीस म्हणून त्यांनी तिच्या नावापुढे नीडफुल लिहून टाकलं होतं. करकरणाऱ्या झाकणाला दोन दिवस आणि हिला सव्वीस. आपण केलेल्या नियमानं.

मेकॅनिक जमिनीकडे बघत म्हणाला, "पंप गाडीत आहे. याच मशिनला बसतो."

"तो दुसऱ्या तक्रारीचा आहे," साहेब म्हणाले. "ज्या तक्रारीवर भाग आला त्याच तक्रारीला लावायचा, नाहीतर परत पाठवायचा. नियम आहे."

"कुणी केलाय?" मेकॅनिकनं विचारलं.

साहेबांनी पॅडकडे पाहिलं. "मीच."

"चांगला नियम आहे," तक्रारबाई म्हणाल्या. "मीही आजवर पाळलाय." त्या मेकॅनिककडे वळल्या. "जा, पंप घेऊन या."

"ताई, अहो, साहेब इथं उभे आहेत."

"म्हणूनच सांगतेय. साहेब, तुमच्या पॅडवर लिहा, तक्रारबाईंनी सांगितलं म्हणून बसवला. टेबल काढायला आणखी कारण शोधत बसायला नको. ते एकशे बासष्ट माझे, आणि हा एकही माझाच."

साहेबांनी पेन उघडलं, पण लिहिलं नाही. मेकॅनिक तोवर गेलाही होता. परत येऊन त्यानं मशिन तिरकं केलं, खालचा पाइप सोडवला, आणि सव्वीस दिवसांचं पाणी टबाकडे न जाता थेट साहेबांकडे निघालं. साहेबांनी टब ओढायला वाकून हात घातला, तेवढ्यात बूट, मोजे, पँट, सगळं घोट्यापर्यंत भिजलं.

"अगं बाई! साहेब, तुम्हाला त्रास झाला!" घरची बाई फडकं घेऊन धावली.

"छे छे," साहेब ओल्या मोज्यांत उभे राहून म्हणाले, "काही नाही हो. चालतंय."

आणि आपण काय बोललो ते स्वतःच ऐकून थबकले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मेकॅनिकनं मशिनमागून डोकं वर काढून पाहिलं.

"झालं काय?" खाटेवरून सासऱ्यांनी विचारलं.

परतताना साहेब मागे खोक्यांमध्ये बसले, बूट हातात घेऊन. मग म्हणाले, "बाई, तो रेकॉर्डेड आवाज काय सांगणार होता माहितीये? तक्रार गंभीर असेल तर एक दाबा."

"त्या घरातून दोन दाबलं असतं," बाई म्हणाल्या.

"आणि बाकी सगळ्या गावानं एक." साहेबांनी एक मोजा पिळला. "तुमच्या शाखेपुरता तो आवाज सहा महिने थांबवतो मी. टेबल राहू द्या. पण बाई, तो प्रश्न बदला. आणि तो शब्द कृपा करून बंद. आमच्या खुणा करणाऱ्या बाईंना रात्री झोप लागत नाहीये."

पुढच्या आठवड्यात दोन कागद आले. एक सगळ्या शाखांना परिपत्रक, की तक्रारपत्रकात अ‍ॅगनी हा शब्द यापुढे वापरू नये. दुसरा बाईंच्या नावचा मेमो, परवानगीशिवाय पंप दुसऱ्याच तक्रारीला लावल्याबद्दल. बावीस वर्षांतला पहिलाच. मास्तरांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, त्यातल्या दोन चुका काढल्या आणि फाइलला लावून ठेवायला सांगितलं.

शब्द गेला त्याचं बाईंना फारसं वाटलं नाही, पण प्रश्नानं त्यांना छळलं. किती दिवस बंद आहे, असं विचारून पाहिलं; लोक दोनाचे बारा करून सांगत. घरात माणसं किती, असं विचारलं. लोक पाहुणेही मोजत. एक गृहस्थ तर कुत्रा धरून नऊ म्हणाले. शेवटी सोमवारी सकाळी फोन वाजला तेव्हा बाईंनी मनाशी काहीतरी ठरवलं होतं.

"बोला, काय झालं?"

"काय झालं काय, चार दिवस मशिन बंद आहे! हाल चाललेत नुसते! अगदी असह्य..."

"ते राहू द्या. आज कपडे कुणी धुतले?"

पलीकडून जरा खालच्या आवाजात, "कुणी म्हणजे? आईनं."

"वय काय त्यांचं?"

"बहात्तर."

"आणि तुमचं?"

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. "एक्केचाळीस," गृहस्थ म्हणाले.

बाईंनी पत्रक पुढे ओढलं आणि टायपिंगच्या क्लासातल्या त्या नीटनेटक्या इंग्रजीत लिहिलं, "मदर, सेव्हंटी टू, वॉशिंग बाय हँड. सन, फॉर्टी वन, टेलिफोनिंग."

नीडफुल वगैरे काही लिहिलं नाही.